बारा वर्षांनी मराठी वाचायला घेतोय. वेगवेगळ्या प्रकारांतली कोणती पुस्तकं घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, आता आयटीतल्या नोकरीसाठी बेंगळुरू. बारा वर्षांत एकही मराठी पुस्तक पुरं झालेलं नाही. आईनं दिलेली सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी साठाव्या पानावर अडली आहे. म्हणून कादंबरी, आत्मचरित्र, विज्ञानकथा, विनोद, कविता अशा प्रत्येक प्रकारातलं एकेक पुस्तक कुणीतरी सांगावं.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीला बसते. यंदा एकोणीस वर्षं झाली. "काहीतरी चांगलं द्या हो" हे मी रोज ऐकते, आणि त्याचं उत्तर मला अजूनही सोपं वाटत नाही.

आधी त्या अडलेल्या कादंबरीविषयी. पुस्तक परत आलं की मी त्याची कड बघते, जिथून आपण पान उलटतो ती बाजू. लोक जिथवर वाचतात तिथवर ती बोटांनी काळपट होत जाते आणि पुढे पांढरीच राहते. पंचवीस-तीस जणांच्या हातांतून गेलेल्या पुस्तकावर ही हद्द लांबूनसुद्धा ओळखू येते. आमच्याकडच्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्यांची हद्द बऱ्याचदा शंभर पानांच्या अलीकडेच संपते. लोक त्या आदरानं नेतात, आदरानं परत आणतात. तेव्हा तुमचं मराठी गेलं असं अजिबात समजू नका. बारा वर्षं बंद असलेल्या सवयीला पहिल्याच दिवशी अलंकारिक भाषेतली सातशे पानं झेपत नाहीत, इतकंच. आईला सांगा, वाचणार आहे, पण वर्षभरानं.

दुसरं म्हणजे, प्रकारानुसार एकेक पुस्तक घेऊ नका. पुस्तकात कोण बोलतंय आणि त्याचं बोलणं तुमच्या कानाला लागतंय का, त्यावरून निवडा. एकाच शेल्फावरच्या दोन कादंबऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उलट एखादं आत्मचरित्र आणि एखादी कादंबरी सख्ख्या बहिणींसारखी निघतात. कान जुळला की माणूस प्रकार विसरतो. हे मला आमच्या सभासदांनी शिकवलं.

निवृत्त झालेले एक एसटी ड्रायव्हर आमच्याकडे यायचे. घाटातल्या गाड्या चालवण्यात उभा जन्म गेलेला. "लढाईचं काहीतरी द्या," एवढंच म्हणायचे आणि युद्धकथांच्या शेल्फाशी उभं राहायचे. एकदा मी त्यांना प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' दिलं. त्यात लढाई नाही. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात दाखल झालेला विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर, सरळसोट कडा, खाली दरी, सुरुंग आणि त्या रस्त्यापायी जाणारे मजूर. तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ड्रायव्हरकाका पायरीवर बसलेले. म्हणाले, "बाई, आम्ही रस्त्यावरून गाडी काढली, पण रस्ता कोणी काढला ते कधी मनात आलं नाही." मग पुस्तकातलं एक वळण त्यांनी मला हातानं हवेत काढून दाखवलं, स्टिअरिंग फिरवावं तसं. मी त्यांना लढाईच्या नावाखाली रस्ता दिला आणि त्यांना तोच हवा होता. पेंढारकर माहितीपट करणारे. त्यामुळे पुस्तकात वर्णनाचा फुलोरा नाही, जे डोळ्यांना दिसतं तेच येतं. तुम्ही इंजिनिअर आहात. वरिष्ठांचा हुकूम एकीकडे आणि आपल्याला पटलेलं दुसरीकडे, हा त्यातला पेच तुम्हाला ऑफिसात बसून जास्त कळेल. तुमच्या यादीत ते दुसरं ठेवा.

पहिलं मात्र 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची कादंबरी, जेमतेम दीडशे पानांची. आमच्या प्रतीची कड पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सारखी मळलेली आहे आणि तिची बांधणी दोनदा करून घ्यावी लागली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर, बंद पडलेली शाळा. मास्तर अंधारात चालत निघतो तिथून सुरुवात होते. वाक्यं लहान. विशेषण क्वचितच, आणि आलं तर मेंढराचं, मातीचं किंवा पावसाचं. संवाद माणदेशी बोलीत, निवेदन साध्या मराठीत, म्हणून बोलीची सवय नसलेलाही अडखळत नाही. शेवटी दुष्काळ येतो. तो ज्या शांतपणे सांगितलाय, तसं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. माणसं निघून जातात आणि वाडी रिकामी होत जाते. ही कादंबरी वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की तुमचं मराठी होतं तिथेच होतं.

आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ही 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी आली. नाव ऐकून लोकांना ती शाळेच्या पुस्तकातली, शिस्तीची वाटते. तसं काहीही नाही. ही बाई बोलते, अगदी समोर बसून भाजी निवडत बोलावं तशी. घरात वडिलांचं टोकाचं सोवळं. नवरा कवी, मनानं मोठा, पण तापट आणि लहरी. कधी न सांगता निघून जाईल याचा नेम नाही. 1895 साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या. पुढे काही वर्षांनी त्यांनीही तो स्वीकारला, पण नवऱ्याच्या मागून ओढल्या जाऊन नाही, स्वतः विचार करून. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून कसं गळून पडलं, तो भाग सावकाश वाचा. एवढं सोसलेली बाई एकदाही कडवट होत नाही, आणि आपल्या चुका सांगताना स्वतःला सूटही देत नाही. माझ्याकडे एखादी सभासद पहिल्यांदाच वर्गणी भरून आली आणि काय न्यावं ते तिला सुचेना, तर मी हेच पुस्तक पुढे करते. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, पूर्ण घ्या. लक्ष्मीबाईंचा जीव आडवळणाच्या गोष्टींतच आहे आणि संक्षेपात नेमक्या त्याच जातात.

त्याला लागून दया पवारांचं 'बलुतं', 1978 सालचं. लागून म्हटलं, कारण दोन्ही पुस्तकं स्वतःशी खरं बोलण्याची आहेत. पवारांनी त्यात एक वेगळीच रचना केली आहे. शिकलेला, नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. गाव, महारवाडा, मुंबईतली कावाखाना ही वस्ती, आई. पुस्तक हातात घेतलं की सलग वाचलं जातं, पण वाचून झाल्यावर एकदोन दिवस दुसरं काही वाचवत नाही. म्हणून ते प्रवासात घेऊ नका.

इथे माझी एक चूक सांगते, कारण पुस्तक सुचवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मी कॉलेजच्या मुलांना हमखास द्यायची. पांडुरंग सांगवीकर, पुण्याचं होस्टेल, ती तिरकी भाषा; पोरं खूश व्हायची. असंच एका मुलाला दिलं. आठ दिवसांनी त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं, काही बोलला नाही, आणि मग वर्षभर फिरकला नाही. त्याची धाकटी बहीण त्याच वर्षी गेली होती, हे मला नंतर समजलं. आणि 'कोसला'त धाकट्या बहिणीच्या मरणाचा जो भाग आहे, तो मराठीतल्या सगळ्यात भेदक भागांपैकी आहे. मी कादंबरी दहा वेळा सुचवली होती, पण त्या भागाबद्दल कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी पुस्तक देताना विचारते, आणि सांगतेही: इथे जड जाईल, इथे वेग मंदावतो, हे सध्या नको. कुणाचं परीक्षण वाचाल तेव्हा त्यात हे आहे का बघा. 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारं', 'संग्रही असावं' हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात. पुस्तक कुठे कंटाळवाणं होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं ते नीट वाचलंय यावर माझा विश्वास बसत नाही. 'कोसला' तुम्ही जरूर वाचा. सुरुवातीला शंभर पानं नुसती बडबड वाटेल. ती तशीच चालू द्या, पुढे तिचा अर्थ लागतो.

इतिहासाची ओढ असेल, आणि आईनं ती कादंबरी दिली म्हणजे घरात ती असणारच, तर आधी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचा. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, म्हणून निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुस्तक छापून आलं ते 1907 साली. या माणसाला इतिहास लिहायचा नव्हता. त्यामुळे तोफा चालू असताना पोटाचं काय केलं, पैसे कुठे लपवले, तहान कशी लागली, हे सगळं येतं. भाषा जुनी आहे. पहिली पंधरा-वीस पानं जड जातात, मग भटजीबुवा शेजारी येऊन बसतात.

महाभारताची गोडी असेल तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. बहुतेक लेख एकेका व्यक्तीवर आहेत, मधूनच उघडलं तरी चालतं. माणसांचा आणि समाजांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे देव्हारा बाजूला सारून पाहिलं आहे.

विज्ञानकथेत जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आधी, हलकेच वाचून होतो. पण तुम्ही आयटीत आहात, म्हणून मनापासून सांगते, नंदा खऱ्यांची 'उद्या' वाचा. माणसांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्या आणि त्या माहितीवर चालणारं जग, हे त्यांनी 2014 सालीच मांडून ठेवलं. 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. सोपी नाही. अनेक धागे एकदम चालतात, मध्ये गोंधळायला होतं. मी स्वतः दोनदा वाचली तेव्हा नीट उलगडली.

गूढकथांना रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप. हे दोघं आमच्याकडे शेल्फावर टिकतच नाहीत, तेव्हा जे मिळेल ते घ्या.

विनोदासाठी 'व्यक्ती आणि वल्ली'. अंतू बर्वा तुम्ही पुलंच्या आवाजात ऐकलाच असणार. म्हणूनच सांगते, तो ऐकलेला भाग तूर्त सोडा आणि 'नंदा प्रधान' वाचा. पुलंची हशा नसलेली बाजू तिथे दिसते.

शेती आणि आजचं गाव समजून घ्यायचं तर सदानंद देशमुखांची 'बारोमास', वऱ्हाडी बोलीतली. शिकून घरी बसलेला एकनाथ आणि त्याचं घर कसं उसवत जातं, त्याची ही कादंबरी. लांबण आहे, पण त्या लांबणीत वाट पाहणं आहे. नव्यांपैकी मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट' मला फार आवडली. नांदेडची गोदावरी, रोज पोहायला जाणारा माणूस आणि काठावर भेटणारे लोक. तुम्हाला पोहायला येत असेल तर पहिल्या काही पानांतच अंगाला पाणी लागेल.

कविता शेवटी ठेवली, कारण ती तुम्हाला वाचायची नाहीये, म्हणायची आहे. 'बहिणाबाईंची गाणी' आणा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या, मुलानं, सोपानदेवांनी, जपून ठेवलं आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. खानदेशी बोली आहे, डोळ्यांनी वाचाल तर अडेल. रात्री दार लावा आणि मोठ्यानं म्हणा. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला बोली आपोआप समजू लागते, हे मी आमच्या बालविभागातल्या पोरांच्या बाबतीत कितीदा पाहिलंय.

जी. ए. कुलकर्णी यादीत का नाहीत, असं कुणीतरी खाली विचारेल. 'काजळमाया' माझ्या उशाशी असते. पण बारा वर्षांनी परतणाऱ्या माणसाला मी ती पहिल्या सहा महिन्यांत देणार नाही. जीएंना वाचकाचा पूर्ण वेळ आणि पूर्ण मन लागतं.

पुस्तकं बुकगंगावरून बेंगळुरूला घरपोच येतात. एकदम दहा मागवू नका. 'बनगरवाडी' आणि 'रारंग ढांग' एवढी दोनच मागवा. 'बनगरवाडी'ची पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, मग मनात. कुठे थांबावंसं वाटलं तर त्या पानाचा नंबर लिहून ठेवा आणि मला इथेच कळवा. त्यावरून तिसरं पुस्तक सांगते.