शाळेपासूनचा दोस्त गेल्यावर

भाऊ, पन्नास-साठ वर्षांची सोबत सुटली की काय होतं, ते मी चारदा पाहिलंय. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

फिरणं थांबवू नका. नागपूरच्या अंबाझरी तलावावर तुम्ही दोघं जात होता ना? तिथंच जा, त्याच वेळी. मी पहिल्या वेळी घरात बसलो. सहा महिन्यांत गुडघे आखडले अन् उरलेले दोघं दोस्तही दुरावले. ही चूक फार जण करतात.

त्याच्या घरी तेरवीनंतर जा. तोवर माणसं असतातच, घर रिकामं होतं ते पुढे. वहिनींसमोर त्याचं नाव टाळू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मी आजही एका दोस्ताच्या नातवाचा लाकडी बैल सजवायला जातो. रडू येतं, येऊ देतो.

जे आहेत त्यांना आजच फोन करा. दिवाळीची वाट नको.

नवे मित्र जोडण्याचं आत्ता राहू द्या, ते पुढे बोलू. पण झोप-जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

रविवारी सकाळी मी फुटाळा तलावावर असतो. या.