कुणासमोर ओरडता येईल?

"मॅडम, हिप्नोबर्थिंगची सगळी तयारी चाललीय माझी, पण ते शिकलेली डूलाच मिळत नाहीये. आता काय करू?"

मी समुपदेशक आहे, आणि सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. तपशील थोडे बदलतात. एखादीला ती पद्धत शिकलेली डूला मिळालेली असते, पण तिच्याशी सूर जुळत नाही. दुसरीला मनापासून आवडलेली डूला असते, पण तिच्याकडे त्या पद्धतीचं प्रमाणपत्र नसतं. काळजी सगळ्यांची एकच: चुकीची बाई निवडली तर महिनोन्‌महिने केलेला सराव पाण्यात.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. डूला म्हणजे प्रसूतीच्या वेळी सोबत करणारी बाई. ती सुईण नाही आणि नर्सही नाही. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषध देत नाही आणि कुणी देत असेल तर अडवत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत ती जवळ असते, कंबर दाबते, घोट घोट पाणी पाजते, धीर देते. हिप्नोबर्थिंग म्हणजे श्वास, ठरावीक वाक्यं आणि मनातली चित्रं यांच्या आधारानं स्वतःच स्वतःला सैल सोडायला शिकणं. त्यात कुणी कुणाला वश करत नाही. बाई पूर्ण जागी असते, बोलते, चालते, नाही म्हणू शकते. मूळ विचार ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांचा. भीतीनं अंग आखडतं, आखडलेलं अंग जास्त दुखतं, आणि जास्त दुखलं की भीती आणखी वाढते, असं त्यांनी १९३० च्या दशकात मांडलं. पुढे अमेरिकेत मेरी मोंगन यांनी १९८९ मध्ये त्याला स्वसंमोहनाची जोड देऊन शिकवायला सुरुवात केली.

आता अनघाबद्दल. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिच्या गोष्टीत मी आणखी काही जणींच्या गोष्टी मिसळल्या आहेत. ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दुसऱ्या खेपेची गर्भवती होती, तिसावा आठवडा. पहिल्याच भेटीत तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढे एक्सेल शीट ठेवलं. दोन डूलांची तुलना. प्रशिक्षण, अनुभव, फी, घरापासूनचं अंतर, बदली डूलाची सोय, अशा प्रत्येक गोष्टीला गुण दिले होते. पहिली डूला हिप्नोबर्थिंगची रीतसर प्रशिक्षित, बोलण्यात तरबेज. "माझ्या बायका ओरडत नाहीत," असं तिनं अनघाला अभिमानानं सांगितलं होतं. दुसरी वयानं मोठी, आधी एका नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं काम केलेली, मग डूलाचं प्रशिक्षण घेतलेली. संमोहनाचा तिला गंधही नव्हता. एक्सेलप्रमाणे पहिली स्पष्टपणे पुढे होती. तरी तीन आठवडे झाले, अनघा तिला होकार कळवत नव्हती. "मी उगाच वेळ लावतेय ना?" हे ती दर भेटीत म्हणायची.

मला त्या न कळवलेल्या होकारातच रस होता.

"समज, ही मिळालीच नाही. मग काय होईल?" मी विचारलं.

"मग मला जमणार नाही. कळा वाढल्या की माझा ताबा सुटेल."

"सुटला तर?"

"असं नका ना विचारू, मॅडम."

मी पुन्हा विचारलं नाही. पण ते उत्तर वेदनेला घाबरणाऱ्या बाईचं नव्हतं. वेदनेला घाबरणारी बाई दुखण्याबद्दल बोलते, एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, कधी मिळेल ते विचारते. अनघा अख्ख्या भेटीत एकदाही दुखण्याबद्दल बोलली नव्हती. इतक्या वर्षांच्या कामानं माझे कान असल्या न उच्चारलेल्या गोष्टींना तयार झाले आहेत.

पुढच्या काही भेटींत पहिल्या बाळंतपणाचा विषय हळूहळू निघाला. रात्रीची वेळ, नवरा बाहेर बाकावर, आत ही एकटी. कळा जवळ आल्या तशी ही ओरडली. त्यावर लेबर रूममधल्या एका बाईंनी सगळ्यांदेखत तिला एक वाक्य ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही. आपल्याकडे बाळंत झालेल्या कितीतरी जणींना ते पाठ आहे. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. अनघानं मग ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि बाळ होईपर्यंत दातांखालून काढला नाही.

"दुखलं त्याचं मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "पण पाच वर्षं झाली, मॅडम, ती बाई आठवली की अजून कानशिलं तापतात. मीच एवढी कशी ओरडले?"

"मग या वेळी डूला कशासाठी हवीय?"

"मी ओरडू नये म्हणून."

हे बोलून ती थांबली, आणि स्वतःच्याच वाक्याकडे बघत बसल्यासारखी बराच वेळ गप्प राहिली. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकानं जीभ आवरावी, नाहीतर समोरच्या माणसाच्या हाताशी आलेलं काहीतरी निसटतं. शेवटी तीच म्हणाली, "आणि ओरडलेच तर?"

पहिल्या भेटीत तिला नकोसा झालेला प्रश्न आता तिनं स्वतः विचारला होता. मग मी विचारलं, "या दोघींपैकी कुणासमोर ओरडायला तुला लाज वाटणार नाही?"

"दुसऱ्या." क्षणाचाही विचार नाही, लॅपटॉपकडे नजरही नाही. आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेव्हापासून डूला निवडायला आलेल्या प्रत्येकीला मी हा प्रश्न विचारते. प्रमाणपत्र, फी, अंतर हे सगळं बघावंच, पण ते नंतर. माझं काम अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर उभं आहे. माणसाला त्रास इच्छेमुळे होत नाही, इच्छेची सक्ती झाली की होतो, असं ते मानत. प्रसूती शांत व्हावी ही छान इच्छा आहे. ती शांत झालीच पाहिजे, नाहीतर मी हरले, असं मनानं धरलं की रोजचा सरावही परीक्षेच्या अभ्यासासारखा होतो, आणि लेबर रूममध्ये पहिली किंकाळी निघताच बाई मनात नापास होते. भीती घालवायला शिकलेली पद्धतच मग नवी भीती घेऊन येते. "माझ्या बायका ओरडत नाहीत" असं म्हणणारी डूला नकळत याच सक्तीला पाणी घालते. तिचा हेतू वाईट नसतो. पण तुमच्या प्रसूतीवर जिचा अभिमान टांगलेला आहे, तिच्यासमोर मोडून पडायची चोरी होते.

अनघाला पुरावा लागतो, म्हणून पुराव्याचंही बोललो. प्रसूतीत सतत कुणीतरी सोबत असण्यावर २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं मोठा आढावा प्रसिद्ध केला. २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बायका. सोबत असलेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, प्रसूतीचा वेळ थोडा कमी, आणि नंतर अनुभवाबद्दलची कडवट भावनाही कमी आढळली. त्याच संस्थेचा प्रसूतीतल्या संमोहनावरचा २०१६ चा आढावा लहान आहे, नऊ अभ्यासांचा. त्यात वेदनाशामक औषधांचा एकूण वापर कमी दिसला, पण एपिड्युरलच्या प्रमाणात किंवा नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. त्याआधी १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात छोटा अभ्यास झाला होता. तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत. ज्यांच्या सोबतीला एक बाई दिली, त्यांची दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतची वेळ एकट्या बायकांच्या निम्म्याहूनही कमी भरली. सोबतीला दिलेल्या त्या बायका साध्या होत्या, अप्रशिक्षित, आणि आधी भेटलेल्याही नव्हत्या.

म्हणून माझं मत असं की आधी माणूस बघा, मग पद्धत. हिप्नोबर्थिंगमधली डूलाला लागणारी गोष्ट चांगली बाई दोन-तीन बैठकांत शिकते. स्वभाव तसा शिकवता येत नाही.

अनघाच्या दुसऱ्या डूलानं तेच केलं. तिनं अनघाचे हिप्नोबर्थिंगच्या सरावाचे ऑडिओ ट्रॅक मागून घेतले आणि बसमधून येता-जाता ऐकले. मग घरी सरावाला आली. अनघा बेडरूमचं दार लावून, पडदे ओढून सराव करायची. या बाईंनी तिला स्वयंपाकघराशेजारी सतरंजीवर बसवलं. कुकरच्या शिट्ट्या चालू, मोठ्या मुलाचं कार्टून चालू. "तिथे ट्रॉल्या खडखडतात, फोन वाजतात, शेजारची बाई रडत असते. शांतता मिळेल असं धरून चालू नकोस," त्या म्हणाल्या. खांद्यावर हात ठेवला की श्वास सोडायचा, एवढी एकच खूण दोघींनी पक्की केली. कळ चालू असताना कुणी बोलायचं नाही, बोलणं दोन कळांच्या मध्ये. "दुखतंय का?", "दहापैकी किती?" हे डूलानं विचारायचं नाही आणि नर्सनाही आधीच तशी विनंती करून ठेवायची. इंग्रजी ट्रॅकमधली चार वाक्यं अनघानं मराठीत करून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. ऐन कळांत परक्या उच्चाराकडे लक्ष लागेल याचा भरवसा नाही.

आणखी एक बाब बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. स्वसंमोहनात असलेली बाई बाहेरून इतकी शांत दिसू शकते, की हिला अजून बराच वेळ आहे असं स्टाफला वाटतं. अशा वेळी "कळा फार जवळ आल्यात, एकदा बघता का?" असं नर्सला सांगणारं कुणीतरी हवं. हे काम डूलाला आधीच सांगून ठेवा.

डूलाशी बोलायच्याही आधी हॉस्पिटलला विचारा. अनेक ठिकाणी आत एकालाच सोडतात, नवरा किंवा डूला. काही ठिकाणी डूलाला मुळीच परवानगी नसते, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तर आणखी अवघड. हे आगाऊ रकमेआधी कळलेलं बरं. आपल्याकडे डूलांची सरकारी नोंदणी किंवा परवाना नाही, प्रमाणपत्रं देतात त्या खासगी संस्था. तेव्हा तिच्याकडून एक-दोन बायकांचे फोन नंबर घेऊन थेट त्यांच्याशी बोला, शक्यतो ज्यांचं सिझेरियन झालं अशा एखादीशी. त्या दिवशी ही बाई कशी वागली, हे तीच नीट सांगेल. त्याच रात्री दुसरीकडे प्रसूती असली तर बदलीला कोण येणार, आणि त्या बाईशी आपली भेट कधी होणार, हेही आत्ताच ठरवा.

एका गोष्टीवर मी कडक आहे. रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, हिरवट पाणी जाणं, यांपैकी काहीही असताना "थांब, घाई नको, श्वासावर लक्ष दे" म्हणणारी डूला कितीही गोड असली तरी नको. डॉक्टरांविरुद्ध तुमचं मन तयार करणारीही नको. वेदनारहित प्रसूतीची हमी देणारीला तर पहिल्या फोनवरच नमस्कार करावा. आणि पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला असेल, तर संमोहनाचा सराव सुरू करण्याआधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं.

अनघाच्या कळा पहाटे सुरू झाल्या. सकाळभर घरी ट्रॅक छान लागू पडले, दुपारी हॉस्पिटलमध्येही. संध्याकाळी तिनं हेडफोन काढून फेकले आणि ती ओरडली. डूलाचा हात कंबरेवरून हलला नाही. "ओरड. आवाज खालचा काढ, पोटातून. जबडा सैल," एवढंच त्या कानाशी म्हणाल्या. पुढे कळा मंदावल्या. डॉक्टरांनी कळा वाढवायला सलाईनमधून औषध देऊ का विचारलं. तिनं नवऱ्याशी बोलून होकार दिला आणि एपिड्युरलही मागून घेतलं. डूलाच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. उशी नीट केली, दिवे मंद करायला सांगितलं, अनघा तासभर झोपली. रात्री मुलगी झाली, नॉर्मल.

सव्वा महिन्यानंतर ती भेटायला आली. "ओरडले मी, मॅडम," खुर्चीत टेकायच्या आत ती म्हणाली. "चांगली दणकून ओरडले. कुणी काही बोललं नाही." तिच्या कागदावरच्या बेतातलं निम्मं घडलं नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. माझ्या कामात याहून जास्त समाधान देणारं वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं.

डूलाची फी सगळ्यांना परवडत नाही आणि लहान गावांत डूला मिळतही नाही. तरी सोबत सोडू नका. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत ठेवायला मान्यता दिली, तिथे नाव नोंदवतानाच याबद्दल विचारा. आई, मावशी, वहिनी, बहीण, यांपैकी कुणासमोर ओरडता येईल ते स्वतःला विचारा. बऱ्याचदा उत्तर आई नसतं, आणि त्यात आईचा अपमान नाही. त्या बाईला आठवा महिना लागायच्या आत दोन-तीन वेळा सरावाला बसवा. कंबर कुठे दाबायची, कळ चालू असताना गप्प राहायचं, खांद्यावर हात कधी ठेवायचा, हे तिला दाखवा, आणि हॉस्पिटलच्या बॅगेत तिच्यासाठीही खायचा डबा नि एक शाल ठेवा. तिलाही रात्रभर बसायचंय.