आंतर, अंतर् आणि नॅनो

नागपूरच्या एका प्राध्यापिकेला नॅनोसायन्सच्या एमएस्सीचं मराठी माहितीपत्रक काढायचं आहे. त्या विचारतात : 'इंटरडिसिप्लिनरी'ला आंतरविद्याशाखीय म्हणावं की अंतर्विद्याशाखीय? आणि 'नॅनो'ला मराठी शब्द काय?

आधी पहिला प्रश्न. आंतरजातीय लग्न, आंतरशालेय स्पर्धा यांतला 'आंतर' दोघांच्या किंवा अनेकांच्या मधला. अंतर्मन, अंतर्गत यांतला 'अंतर्' आतला. संस्कृतात 'आंतर' म्हणजेही आतलाच, पण मराठीने आपल्या सोयीने हा भेद केला आणि तो रुळला. तेव्हा 'आंतर'.

खरी गोम मात्र 'विद्याशाखा'त आहे. विद्याशाखा म्हणजे फॅकल्टी. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात त्या चार आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीत शिक्षणशास्त्र, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र असे विषय येतात. तुमच्याकडे एकत्र येणारी भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी ही सगळी मंडळी पहिलीतलीच. म्हणजे शब्दशः पाहिलं तर तुमचा अभ्यासक्रम 'अंतर्विद्याशाखीय' ठरतो! 'आंतरविद्याशाखीय' छापलंत तर एखादा पोट्टा भलत्याच विभागात चौकशी करून राहील. 'आंतरशाखीय' लिहा. शाखा म्हणजे ज्ञानाची शाखा, फॅकल्टी नव्हे.

आणि हा 'आंतर' विदर्भात कुणाला समजवावा लागत नाही. कपाशीत तूर हे आंतरपीक. गंमत अशी की आंतरपिकात प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या राहतात. बियाणं एकत्र करून ओळीबिळी न पाळता पेरलं तर ते मिश्रपीक. सोमवारी भौतिकीवाले, मंगळवारी रसायनवाले येऊन आपापलं शिकवून गेले, तर ते आंतरपीकच. तुम्हाला बहुधा मिश्रपीक हवं आहे. पण 'मिश्रशाखीय' कोणी म्हणत नाही, आणि मीही सुचवणार नाही, भेळेसारखं वाटतं.

आता नॅनो. ग्रीक 'नॅनोस' म्हणजे बुटका. १९६० साली मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीत हा उपसर्ग अब्जाव्या भागासाठी ठरला, म्हणून 'अब्जांश' हा प्रतिशब्द हिशेबाला चोख आहे : एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. 'सूक्ष्म' मात्र चालणार नाही. ती जागा मायक्रोने आधीच धरली आहे (सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव) आणि मायक्रो नॅनोच्या हजारपट मोठा. 'अतिसूक्ष्म' म्हणजे नेमकं किती, ते कुणीच सांगू शकत नाही.

तरी शीर्षकात मी 'अब्जांशविज्ञान' लिहिणार नाही. हे शास्त्र साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या टापूतलं, आणि त्याचा विषय नुसता लहानपणा नाही. तिथे वस्तूचा स्वभावच बदलतो : सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात पसरले की पाणी लालभडक दिसतं. बटू वामनाचा त्रिविक्रम होतो तसं काहीसं. रामटेकला त्याचं वाकाटककालीन देऊळ आहे, म्हणून आठवलं. 'वामनविज्ञान' म्हणायचा मोह होतो, पण आवरतो. शिवाय नॅनो युरियाची बाटली कृषी केंद्रात मागणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी 'नॅनो' हा शब्द केव्हाच बसला आहे.

तेव्हा माहितीपत्रकावर 'नॅनोविज्ञान : आंतरशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रम' असं घ्या. 'अब्जांश' पहिल्या तासाला फळ्यावर येऊ द्या, नऊ शून्यांसकट.