चौथीच्या वर्गात 1972चा दुष्काळ

मॅडम, परिसर अभ्यास शोधत शोधत शिकवायचा असेल, तर पहिला प्रश्न गावातलाच घ्या. ‘दुष्काळ म्हणजे काय?’ असं विचारलंत की मुलं पाठ केलेली ओळ म्हणून दाखवतात. ‘1972 साली आपल्या गावातली माणसं काय खात होती?’ असं विचारा, म्हणजे त्यांना घरी जाऊन आजीला गाठावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता गजबजतो. कुणाच्या पणजीने सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडलेली असते, कुणी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी सांगतं. दोन घरांच्या हकिगती जुळत नाहीत, तेव्हा घाईने निवाडा करू नका. इतिहास खरा इथेच सुरू होतो. ‘आजी तेव्हा केवढी होती? तिने स्वतः पाहिलं की ऐकलं?’ एवढंच विचारा आणि मुलांना आपापसात भांडू द्या. त्या कामांतून झालेला पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारा तलाव) जवळ असेल तर तिथे न्या. दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे 1977 साली महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, हे बांधावर उभं राहून सांगितलं की नागरिकशास्त्रही कळतं.

प्रकल्पवह्यांची सजावट सोडा. ती पालकच करतात.

मात्र माहिती देणारी माणसं एकाच आळीतली नकोत. ज्यांची स्वतःची विहीर होती आणि ज्यांना पाण्यासाठी ताटकळावं लागलं, त्यांच्या आठवणी वेगळ्या निघतात. हा फरक मुलांनी स्वतः पकडला, तर पुढचा तासही त्यालाच द्या. एखादा धडा मागे पडला तरी चालेल.