मीठ कुणाचं?

ठाणे, रविवार रात्र

मुली,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर तुझं हस्तलिखित पुन्हा एकदा वाचून काढलं. चपला घालता घालता विचारलंस, "काका, ती बांध फोडेल की नाही?" तेवढ्यात लिफ्ट आली आणि तू गेलीस. मी आपला दारात उभा. असले प्रश्न लिफ्टसमोर विचारायचे नसतात.

लिहितेस चांगलं. ते तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही.

तुझी नायिका खाडीकाठची, उघाडीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दाराची, राखण करणारी. सेनापती सांगतो, भरतीला खारबांध फोड, शत्रूची छावणी बुडेल. पण गावची भातशेतीही बुडणार, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की तिथे कित्येक वर्षं दाणा पिकत नाही. अशा वेळी तू तिच्या तोंडी काय घातलंस? "राष्ट्रापुढे माझं गाव ते काय!" पुढच्याच पानावर तुझं तुलाच पटेना, म्हणून तिला रडवलंस. कारण काय, तर मैत्रीण म्हणाली, गावाचा विचार केला तर ती कोती वाटेल.

कोती! अगं, तिच्याकडे राष्ट्र आहेच कुठे? तिने सम्राटाचं नाणंसुद्धा हातात धरलेलं नाही, तिच्या गावात मजुरी भाताने मिळते. हे तूच तिसऱ्या प्रकरणात लिहिलंयस. ना शाळा, ना वर्तमानपत्र, ना भिंतीवर नकाशा. राष्ट्र ती शिकणार कुठून? आपल्या भाषेतच बघ ना. कोकणातला माणूस घाट चढून वर गेला की 'देशावर' जातो. देशमुखाचा सगळा 'देश' एका परगण्यात मावायचा. म्हणून तुझ्या जगातल्या कुणालाही बोलतं करण्याआधी एकच विचार: याने मीठ कुणाचं खाल्लंय?

जादूचं जग आहे म्हणून सुटका नाही. ड्रॅगन मला चालतो. विसाव्या शतकातलं भाषण ठोकणारा भालाईत चालत नाही.

कान्होजी जेधे आठव. १६५९ साली अफजलखान निघाला तेव्हा आदिलशाहाचं फर्मान आलं: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. हे आपण शाळेत देशभक्ती म्हणून शिकलो. पण त्यामागे शहाजीराजांना दिलेला शब्द होता, एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला. त्याच मुलखातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. पुढे ते सापडले तेव्हा कान्होजींनीच रदबदली केली. जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला. गद्दार सापडला, त्याच्यासाठी शब्द टाकायला इमानी माणूसच उभा राहिला. हा गुंता तुझ्या पुस्तकात कुठाय? तुझ्याकडे इमानी सगळे एका रांगेत, गद्दार दुसऱ्या.

लांब कशाला जायचं, ठाण्याचंच घे. उत्तर कोकणचे शिलाहार इथून राज्य करायचे आणि बिरुद मिरवायचे 'तगरपुरवराधीश्वर'. तगर म्हणजे तेर, पार धाराशिवकडचं. त्यांचे सम्राट राष्ट्रकूट. ती सत्ता ९७३ मध्ये बुडाली. तरी ९९७ च्या भादाण ताम्रपटात अपराजित नावाचा शिलाहार राजा आधी राष्ट्रकूटांची वंशावळ सांगतो, त्यांच्या नाशाबद्दल हळहळतो आणि मग स्वतःकडे वळतो. बुडालेल्या धन्याची चोवीस वर्षांनी आठवण! माझ्या मते ते मीठ बोलतंय. इतिहासाचे प्राध्यापक म्हणतील, घराण्याची प्रतिष्ठा वाढवायची रीत होती ती. म्हणोत.

मी इतका का चिडतोय ते सांगतो. माझीही एक कादंबरी आहे, माळ्यावर, १९८९ ची. काल्पनिक राज्य, सात प्रांत, अगदी तुझ्यासारखंच. शेवटी एक मेंढपाळ पोरगा खिंडीत मरतो आणि मरताना मातृभूमीचं नाव घेतो. आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "आणि त्याची मेंढरं? ती कुणी घरी नेली?" मी वैतागलो. म्हटलं, आई, हे मोठ्या गोष्टीबद्दल आहे. एक ओळ बदलली नाही. एका प्रकाशकाने परत पाठवली, तेव्हा त्याला दोष दिला. पुन्हा लिहिलं नाही. मेंढरं अजून त्या खिंडीतच आहेत.

दोन वर्षांनी ऑफिसने दिल्लीला बदली दिली, बढतीसकट. मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, तलावपाळी सुटत नाही वाटतं, आणि सगळे हसले. आईचे गुडघे गेले होते, कोपरीतलं घर होतं, जिने आम्हाला वाढवलं ती चाळ समोर होती. तो भित्रेपणा नव्हता. भित्रा असतो तर हसू ऐकून मुकाट सही केली असती. पण हे तुला कशाला सांगतोय? असो. खोडणार नाही, राहू दे.

बांध तिने फोडू नये असं मी म्हणत नाहीये. फोडू दे खुशाल. पण सेनापतीने कधीकाळी तिच्या बापाला भरतीतून ओढून काढलं असेल म्हणून. किंवा शत्रूच्या छावणीत तिची बहीण बांधून ठेवली असेल म्हणून. नाहीतर नको फोडू दे, आणि सम्राटाची फौज हरू दे, पुढची तीनशे पानं तिला फितूर म्हणू दे. मला दोन्ही पटेल. फक्त आधी मीठ ठरव.

पुढच्या रविवारी ओहोटीची वेळ बघून ये, मीठबंदरावर जाऊ. चिखलात पाय किती खोल जातो ते स्वतः बघ. तुझी नायिका बांधावरून पळताना एकदाही रुतत नाही.

तुझा चार्टपेपरचा नकाशा इथेच राहिलाय. सातही प्रांतांना वेगवेगळे रंग दिलेस, सीमा जाड काळ्या पेनने ओढल्यास. तिच्या गावाचं नाव मात्र लिहिलेलं नाही.

तुझा,
काका