तक्रार बंद झाली; पण समाधान झालं का?

पेटंटच्या अर्जाबद्दल सरकारकडे तक्रार केली, ती निकाली निघाली, की ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारणारा मेसेज किंवा फोन येतो. या एका प्रश्नाने बऱ्याच वाचकांना कोड्यात टाकलेलं दिसतं. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतो.

पीठ चाळण्याच्या यंत्रासाठी मी पेटंटचा अर्ज केला आहे. एफईआरला, म्हणजे पहिल्या तपासणी अहवालाला, उत्तर देऊन चौदा महिने झाले. पुढे काहीच हालचाल नाही, म्हणून केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाकली. अठराव्या दिवशी ‘अर्ज क्रमानुसार विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं आणि तक्रार बंद. मग कॉल सेंटरवरून फोन आला, समाधानी आहात का? मी गडबडीत ‘ठीक आहे’ म्हणाले. चुकलं का? — एक लघुउद्योजिका, भोसरी

आपल्याकडे ‘ठीक आहे’ म्हणजे ‘आता फोन ठेवा’ असाही अर्थ होतो. पण पलीकडे जी व्यक्ती रकाने भरत असते तिच्याकडे ‘फोन ठेवा’ असा रकाना नसतो. तुमचं ‘ठीक आहे’ बहुधा समाधानी लोकांत मोजलं गेलं असेल.

ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तक्रार निकाली काढायची मुदत २१ दिवस आहे. त्याआधी ती ३० दिवसांची होती. तुम्हाला अठराव्या दिवशी उत्तर मिळालं, म्हणजे कागदावर तुमचं प्रकरण अगदी छान दिसतं. मुदत पाळली गेली, प्रश्न मात्र जागच्या जागी.

पोर्टलवर अभिप्राय देताना ‘खराब’ हा शेरा निवडला की अपिलाचा पर्याय मिळतो. तक्रार बंद झाल्यापासून तीस दिवसांत अपील करा. त्यात राग ओतू नका, चार ओळी पुरतात : ‘अर्ज क्रमांक अमुक. एफईआरला उत्तर अमुक तारखेला दाखल. मी विचारलं होतं की अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि सुनावणी कधी अपेक्षित आहे. मिळालेल्या उत्तरात या दोन्हींपैकी काहीच नाही.’ ‘अत्यंत निराशाजनक अनुभव’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. तारखेवर येतं.

ऊस लागवडीच्या माझ्या पद्धतीला पेटंट नाकारलं. तक्रार केली, तर ‘कायद्यानुसार निर्णय झाला आहे’ एवढंच उत्तर आलं. मी प्रत्येक प्रश्नाला ‘पूर्ण असमाधानी’ लिहिलंय. आता फाईल पुन्हा उघडेल ना? — एक शेतकरी, सांगली जिल्हा

नाही उघडणार. तक्रार सेवा हे अपिलाचं ठिकाण नव्हे आणि समाधानाचा फॉर्म तर त्याहून नव्हे. शेतीच्या पद्धतीला पेटंट देता येत नाही, हे १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलेलं आहे. तरीही निर्णय चुकीचा वाटत असेल, तर कंट्रोलरकडेच, म्हणजे पेटंटचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, फेरविचाराचा अर्ज एका महिन्यात किंवा कलम ११७-अ खाली उच्च न्यायालयात अपील तीन महिन्यांत, हे दोन रस्ते आहेत. पूर्वी अशी अपिलं वेगळ्या अपील मंडळाकडे जात. ते मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत या मुदती निघून गेलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून आदेशाची तारीख आजच बघा. तुमची पद्धत सोडून त्यासाठी केलेलं एखादं अवजार असेल तर त्याची गोष्ट वेगळी. तुमच्या वतीने अर्ज चालवणाऱ्या पेटंट एजंटाला तेवढं जरूर विचारा.

आमच्या गटाला पेटंटविषयी तक्रार केलेल्या लोकांच्या समाधानाचं सर्वेक्षण करायचं आहे. चौदा प्रश्न तयार आहेत. पहिला असा : ‘आमच्या तत्पर व पारदर्शक तक्रार निवारण सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ पाच पर्याय ठेवले आहेत. काही सुधारणा? — सार्वजनिक प्रशासनाची विद्यार्थिनी, मुंबई

‘तत्पर व पारदर्शक’ हे दोन शब्द आधी खोडा. उत्तर तुम्हीच दिलंत, मग विचारता कशाला? शिवाय ते दोन वेगळे प्रश्न आहेत. सेवा तत्पर असेल पण पारदर्शक नसेल, तर माणसाने खूण कुठे करायची?

पाच पर्यायांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून आलेली. तिला हरकत नाही. पण मधल्या पर्यायाला सरकारी मराठीत ‘ना समाधानी ना असमाधानी’ लिहितात, आणि तो वाचताना माणूस अडखळतो. ‘सांगता येत नाही’ हा त्याला पर्याय नव्हे, तो वेगळा रकाना हवा. ज्याला मत नाही आणि ज्याचं मत मधलं आहे, ही दोन माणसं वेगळी.

आता खरी अडचण. वरचं सांगलीचं पत्र पुन्हा वाचा. त्यांचा राग पेटंट नाकारल्याचा आहे, तक्रार कशी हाताळली याचा नाही. याच्या उलटही होतं : पेटंट मिळालेला माणूस तक्रारीला दोन महिने उत्तर नव्हतं हे विसरतो आणि पाचपैकी पाच देतो. त्यामुळे ‘अर्जाचं काय झालं?’ हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये हवाच, आणि मंजूर, नामंजूर, प्रलंबित असे गट वेगळे काढून आकडे मांडा. समाधानाच्या आधी घडलेलं विचारा : उत्तर किती दिवसांत आलं? त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं का? पुढे काय करायचं ते सांगितलं का? त्याच कारणासाठी पुन्हा तक्रार करावी लागली का? हे चार प्रश्न नीट विचारलेत तर उरलेल्या दहांपैकी सहा तुम्हीच काढून टाकाल.

आणखी एक खाचखळगा म्हणजे एजंट. एकच पेटंट एजंट वीस अर्जदारांच्या वतीने तक्रारी करतो. वीसही फॉर्म त्याच्याकडे गेले, तर तुम्ही वीस लोकांचं मत घेतलं असं समजाल, प्रत्यक्षात एका माणसाचा मूड मोजलेला असेल. मी स्वतः एजंट आहे, म्हणून हे बेधडक सांगतो.

शेवटी टक्के. समजा २०० जणांना फॉर्म पाठवले, ४० परत आले, त्यांत ३० समाधानी. अहवालात ‘७५ टक्के समाधानी’ छापून येईल. पण तुम्हाला ठाऊक असलेले समाधानी २०० मध्ये ३०, म्हणजे १५ टक्के. उरलेले १६० कुठल्या बाजूचे, ते कळायला मार्ग नाही. त्यांतल्या पंधरा-वीस जणांना तरी फोन करा. आणि फॉर्म छापण्याआधी पाच जणांना मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते थांबतात, तिथे वाक्य बिघडलेलं असतं.

मी इथल्या पेटंट कार्यालयाच्या ओम्बड्समनची, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याची, मदत घेतली. नंतर छोटं सर्वेक्षण आलं. त्यावर एक नियंत्रण क्रमांक आणि ‘उत्तराला लागणारा अंदाजे वेळ’ लिहिला होता. हे कशासाठी? — एक मराठी इंजिनिअर, न्यू जर्सी

अमेरिकेत १९९५ च्या कागदपत्र-कपात कायद्यानुसार सरकारी कार्यालयाने दहा किंवा अधिक लोकांना तेच प्रश्न विचारायचे, तर आधी अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी लागते. नागरिकांचा किती वेळ जाईल याचा हिशेब द्यावा लागतो, मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवावी लागतात. तो क्रमांक म्हणजे या मंजुरीची खूण. तुमचा वेळ फुकट नाही हे सरकारने लिहून द्यावं, ही कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी रांगेत उभं राहिलेल्याला ती आणखी आवडेल.

तिथली ओम्बड्समन योजना २०१० मध्ये सुरू झाली. रखडलेला अर्ज पुन्हा मार्गी लावणं एवढंच तिचं काम. पेटंट द्यायचं की नाही यात ती पडत नाही. कामकाजाच्या एका दिवसात परत फोन आणि कामकाजाच्या दहा दिवसांत प्रकरण संपवायचं, असं उद्दिष्ट ठेवलेलं. त्यामुळे तिच्या सर्वेक्षणात ‘फोन आला का, किती दिवसांत आला’ असं नेमकं विचारता येतं. वचनच मोघम असलं की सर्वेक्षणही मोघम होतं. जाता जाता, ओम्बड्समन हा शब्द स्वीडनचा. आपल्याकडे त्याच कल्पनेचा लोकआयुक्त झाला, आणि त्यासाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला.

असमाधानी लिहिलं तर परीक्षक माझ्या अर्जावर डूख धरतील का? — नाव नको, नाशिक

तक्रार नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, अर्ज परीक्षक आणि कंट्रोलरकडे असतो. असमाधान लिहिलं म्हणून अर्ज अडवल्याचं माझ्या कामात तरी पाहिलेलं नाही. भीती मात्र रोज पाहतो. माझ्या एका अशिलाने फॉर्मवर सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलं आणि मग मला फोन करून अर्धा तास तक्रारी सांगितल्या. त्या अर्ध्या तासातलं एक वाक्यही फॉर्मवर नव्हतं. मुंबईच्या विद्यार्थिनीने हेही ध्यानात घ्यावं : फॉर्मवर अर्ज क्रमांक मागितलात, तर अशी ‘उत्तम’ भरपूर मिळतील.

तक्रार मराठीत चालते का? — निवृत्त शिक्षक, अकोला

सीपीग्राम्स पोर्टल मराठीसह अनुसूचित भाषांत वापरता येतं. पेटंटची कागदपत्रं मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच लागतात. तक्रार मराठीत लिहा, अर्ज क्रमांक आणि तारखा सर्वांत वर टाका, अंक सुटसुटीत लिहा.