होमरस चौकटीत घेऊ नका

प्रश्न : भाचा नोकरीनिमित्त जमैकात, किंग्स्टनला असतो. काचेच्या चौकटीतलं भलंमोठं काळं-पिवळं फुलपाखरू विकायला आहे म्हणून त्याने फोटो पाठवलाय, सोबत जोडते. ‘मावशी, तुझ्या दिवाणखान्यासाठी आणू का?’ विचारतोय. काय सांगू?
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, नको म्हणून आजच कळवा.

फोटोतलं फुलपाखरू होमरस स्वॅलोटेल आहे (स्वॅलोटेल म्हणजे मागच्या पंखांना बहुधा शेपट्या असणाऱ्या मोठ्या फुलपाखरांचं कुळ). पंखांचा विस्तार साधारण 15 सेंटीमीटर, पश्चिम गोलार्धातल्या स्वॅलोटेलमध्ये सर्वांत मोठं, आणि जगात फक्त जमैकात सापडणारं. 1793 मध्ये कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं. पूर्वी ते बेटावर बऱ्याच ठिकाणी दिसे. आता दोनच जागा उरल्यात : पूर्वेला ब्ल्यू माउंटन्स आणि जॉन क्रो हे डोंगर जिथे भिडतात तो भाग, आणि पश्चिमेला कॉकपिट कंट्रीच्या चुनखडीच्या टेकड्या.

असं का झालं, ते आपल्या राणी पाकोळीवरून चटकन कळेल. हे आपलं राज्य फुलपाखरू, ब्ल्यू मॉर्मॉन. परसात लिंबू किंवा पपनस असलं की ती अंडी घालायला येते. माझ्या दारच्या लिंबावर तिची कोवळी अळी बसलेली असते तेव्हा पानावर पक्षी शिटलाय असंच वाटतं. बोट लावलं की डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. माणसाच्या वस्तीत तिचं भागतं. होमरसचं तसं नाही. त्याच्या अळ्या हर्नांडियाच्या झाडांवर वाढतात, पूर्वेकडे एका जातीच्या, पश्चिमेकडे दुसऱ्या. दोन्ही जाती जमैकाच्याच. कॉफी, शेती आणि पाइनच्या लागवडीसाठी तिथलं ओलं जंगल तोडलं गेलं आणि ही झाडंही गेली. त्यात बारीक गांधीलमाश्या त्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात, म्हणजे पुष्कळशी अंडी उबण्याआधीच वाया जातात. एवढ्यातून वाचलेलं फुलपाखरू टाचणीला लागावं, याचा मला मनापासून राग येतो.

कायद्याचंही सांगते. होमरस साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. भारतही त्या करारात आहे. जमैकाचा कायदाही त्याला संरक्षण देतो. मेलेलं असलं म्हणून सूट नाही.

भाच्याला हौस असेल तर सुटीत स्थानिक वाटाड्या घेऊन पूर्वेकडच्या डोंगरात जाऊ दे. ऊन पडल्यावर ओढ्याकाठी, मोकळ्या जागी वर बघत राहायचं. फोटो मिळाला तर आम्हाला जरूर पाठवा.